दक्षता झोपेतून येते

इंग्रजीत ‘अस्लीप ॲट द स्विच’ असा एक वाक्प्रचार आहे. जबाबदारीच्या जागेवर असताना गाफील राहणं, डोळ्यांदेखत चूक घडू देणं, असा त्याचा अर्थ. आज तो कुणालाही लावला जातो. बुडत्या बँकेकडे वेळेत लक्ष न देणारा अधिकारी असो की चेंडू अंगावरून जाऊ देणारा गोलरक्षक, दोघंही ‘स्विचवर झोपलेले’. 2008 साली अमेरिकेतल्या मोठ्या वित्तसंस्था कोसळल्या, तेव्हा देखरेख करणाऱ्या यंत्रणांबद्दल हेच शब्द पुन्हा पुन्हा छापले गेले. यातला स्विच विजेच्या बटणाचा नाही. अमेरिकेत रुळांच्या सांध्याला स्विच म्हणतात. गाडी कोणत्या रुळावर जायची ते सांध्यावर ठरतं. तो वेळेत फिरवणाऱ्या सांधेवाल्याला डुलकी लागली, की गाडी भलत्याच रुळावर जाते.

भुसावळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. वर्गातली बरीच मुलं रेल्वे क्वार्टरमधून येत, त्यामुळे सांधा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नसे. माझे यजमानही इंजिनचालकच, आताच्या भाषेत लोको पायलट. आधी मालगाड्या, पुढे मेल-एक्सप्रेस. त्या नोकरीभोवती संसार करताना माझं एक मत पक्कं होत गेलं, आणि आता दोघंही निवृत्त झाल्यावर ते स्पष्ट मांडावंसं वाटतं. हा वाक्प्रचार झोपलेल्या माणसाकडे बोट दाखवतो आणि तिथेच थांबतो. तो माणूस किती तास सांध्यावर उभा होता, आदल्या रात्री त्याला अंथरूण मिळालं होतं का, हे वाक्प्रचार विचारत नाही. आपणही विचारत नाही. दक्षता हुकमाने मिळत नाही. ती पुरेशा झोपेतून तयार होते, आणि ती झोप मिळेल अशी कामाची आखणी करणं हे काम करवून घेणाऱ्याचं कर्तव्य आहे.

मालगाडीला प्रवासी गाडीसारखं वेळापत्रक नसतं. कोळसा भरला गेला, रेक तयार झाला, पुढचा मार्ग मोकळा झाला, की चालकाला कॉल येतो. पूर्वी कॉल बॉय सायकलवर रजिस्टर घेऊन दारात यायचा. मध्यरात्र उलटल्यावर कडी वाजायची, उंबऱ्यात सही व्हायची. पुढे हा कॉल फोनवर आला. कॉल आल्यावर दोनेक तासांत लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या जागी, पोहोचायचं, साइन ऑन करायचं, मद्यासाठी श्वासाची चाचणी द्यायची, कुठे वेग कमी ठेवायचा त्याची कॉशन ऑर्डर वाचून सही करायची आणि इंजिन ताब्यात घ्यायचं. कॉल दुपारी येईल की पहाटे, हे आधी नक्की माहीत नसे. मग झोपायचं केव्हा? सकाळी नऊला घरी आलेला माणूस दिवसा झोपणार, तेही भुसावळच्या मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो.

म्हणून आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्यांच्या झोपेभोवती बांधलेलं असे. कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या येण्याआधी उरकायच्या. दारावरच्या घंटीची वायर काढून ठेवायची. खिडकीला वाळ्याचा ताटा, त्यावर दर तासाला पाणी. मुलं खेळायला शेजारच्या क्वार्टरमध्ये, आणि त्या घरचे रात्रपाळी करून आले की त्यांची मुलं आमच्याकडे. क्वार्टरच्या ओळीत हा न बोलता ठरलेला करार होता. गावात मात्र तसं नव्हतं. लग्नाच्या मांडवात दुपारी स्पीकर सुरू झाला, की आवाज कमी करा म्हणून सांगायला मी जात असे. ‘दिवसा कोण झोपतं?’ हा प्रश्न मी फार वेळा ऐकला. उत्तर एकच होतं: तुमची रात्रीची गाडी जो चालवतो, तो.

या माणसाकडून इंजिनात काय अपेक्षित असतं ते सांगते. पुढचा प्रत्येक सिग्नल दिसताच चालक आणि सहायक चालक दोघांनी हात दाखवून त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा. हिरवा असला तरी म्हणायचा. जपानी रेल्वेत बोट दाखवून बोलण्याची ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि 1994 साली तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने केलेल्या प्रयोगात साध्या कामांतल्या चुका तिच्यामुळे सुमारे 85 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. शिवाय इंजिनात दक्षता तपासणारं उपकरण असतं. चालकाने मिनिटभर कुठल्याच नियंत्रणाला हात लावला नाही, तर दिवा लुकलुकतो. त्यालाही प्रतिसाद नसेल, तर काही सेकंदांत बझर वाजतो. तरीही काही हालचाल नसेल, तर ब्रेक आपोआप लागतात. व्यवस्था चांगली आहे. पण यजमान सांगत, थकलेला हात ते बटण सवयीने दाबतो. डोळे उघडे असतात, बोट हलतं, आणि मधला सिग्नल मनात उतरलेलाच नसतो. रेल्वेच्या भिंतींवर रंगवलेलं ‘सावधानी हटी, दुर्घटना घटी’ हे वाक्य अशा वेळी काहीही करू शकत नाही.

हा मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतले तरबेज रडारचालक पडद्यावरच्या शत्रूच्या पाणबुड्यांच्या खुणा टिपायला चुकत होते. कारण शोधायला केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखं एक यंत्र बनवलं. त्याचा काटा एकेक पाऊल पुढे जाई आणि क्वचित दोन पावलं उडी मारी. ती उडी टिपायची, एवढंच काम. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांची नजर ढिली पडू लागते. ही माणसं जागी होती, निवडक होती, देशासाठी लढत होती. नुसती नजर रोखून बसण्याच्या कामाला शरीराचीच मर्यादा आहे. त्यात पहाटे दोन ते पाचची वेळ आली, की शरीराचं तापमान उतरतं आणि मेंदू झोप मागतो. थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतला बिघाड पहाटे चारला झाला. भोपाळची वायुगळती मध्यरात्रीच्या सुमाराला, चेर्नोबिलचा स्फोट रात्री दीडच्या आत. प्रत्येकाची कारणं वेगळी होती, पण त्या वेळी पाळीवर असलेली माणसं रात्रीच्या, झोपेच्या तासांत निर्णय घेत होती.

आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच ढिला काम करतो. आपल्याकडे वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर गाडी हाकणारा माणूस, एक थेंबही न पिता, त्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो. लॉबीतलं यंत्र चालकाचा श्वास तपासतं, ते योग्यच आहे. तो किती वेळ जागा आहे, हे तपासणारं मात्र तिथे काहीच नाही.

ज्या अमेरिकेतून हा वाक्प्रचार आला, त्या देशाला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच उमगली होती. 1907 साली तिथल्या संसदेने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचा कायदा केला. गाडीवरच्या माणसाला सलग सोळा तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. रात्रंदिवस चालणाऱ्या ठाण्यांत तारेवरून गाड्यांचे हुकूम देणाऱ्याला नऊ तासांपेक्षा जास्त बसवायचं नाही. सोळा तास आज आपल्याला भयंकर वाटतात, पण त्या आधी तीही मर्यादा नव्हती. सांध्यावर झोपलेल्याला दोष देऊन अपघात थांबले नाहीत, म्हणून तास मोजावे लागले. वाक्प्रचार जगभर गेला, त्यामागचा कायदा फारसा कुणाला आठवत नाही.

इंग्लंडने हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरवला. 12 डिसेंबर 1988 रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ सकाळच्या गर्दीच्या वेळी गाड्या एकमेकींवर आदळून 35 माणसं मेली. सिग्नलच्या नव्या जोडणीत एक जुनी तार कापून बाजूला न करता तशीच राहिली होती. ती पुन्हा टेकली आणि लाल व्हायचा सिग्नल लाल झाला नाही. जोडणी करणारा तंत्रज्ञ अनुभवी होता. ‘त्याची चूक’ म्हणून फाईल बंद करता आली असती. अँथनी हिडन यांच्या चौकशीने पुढचा प्रश्न विचारला आणि उत्तर सापडलं: त्या माणसाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती. चौकशीने चूक नोंदवली आणि ती ज्या व्यवस्थेत घडली तीही नोंदवली. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेत पाळीच्या आणि आठवड्याच्या तासांना मर्यादा आल्या. अपघाताची चौकशी अशी व्हायला हवी.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. रेल्वे कामगारांच्या तासांचा वाद 1946-47 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे लवादासाठी गेला आणि कामाच्या ताणानुसार तास व विश्रांती ठरवणारा त्यांचा निवाडा पुढच्या नियमांचा पाया ठरला. 1973 साली इंजिनचालकांच्या संपानंतर दहा तासांच्या ड्यूटीचं आश्वासन मिळालं. आज कागदावर चालकाचं प्रत्यक्ष गाडी चालवण्याचं काम साधारण नऊ तासांत संपावं असं आहे, पण गरज पडली की ते वाढवण्याची वाटही त्याच कागदात आहे. सलग चार रात्रींची ड्यूटी आजही चालते. लोको पायलटांच्या संघटना वर्षानुवर्षं सांगत आहेत, की दोनच रात्री द्या, आणि ड्यूटीनंतरची सोळा तासांची विश्रांती आठवड्याच्या तीस तासांच्या विश्रांतीत गिळू नका. या मागण्यांमध्ये चैनीचं काय आहे? तिसऱ्या आणि चौथ्या रात्री पहाटे तीन वाजता इंजिनात काय होतं, हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा.

या मागण्या मागे पडतात त्याचं कारण माणसं कमी आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा काम करायला नकार दिला, तेव्हा अनेक लोकल रद्द झाल्या. मोटरमननी ठरलेलं काम सोडलं नव्हतं, फक्त जास्तीचं नाकारलं होतं. म्हणजे मुंबईची रोजची लोकल थकलेल्या माणसांच्या जादा तासांवर चालते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. प्रवाशांचा राग मोटरमनवर निघाला. पदं का भरली नाहीत, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

त्याच वर्षी, 17 जून 2024 रोजी, पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ थांबलेल्या कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून मालगाडी आदळली. मालगाडीचा चालक जागीच गेला. त्याच दिवशी वरिष्ठ पातळीवरून सांगण्यात आलं, की चालकाने सिग्नल पाळला नाही. मेलेला माणूस उत्तर देत नाही. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत वेगळं चित्र आलं. पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बंद होते. लाल सिग्नल ओलांडण्यासाठी चालकांना दिलेला परवानगीचा कागद चुकीचा होता, आणि कोणत्या वेगाने जायचं याबद्दल तो पुरेसा स्पष्ट नव्हता. तसाच कागद घेऊन त्या सकाळी गेलेल्या बहुतेक गाड्यांच्या चालकांनी वेगाची तीच मर्यादा ओलांडली होती. चालकांना आणि स्टेशन मास्तरांना या पद्धतीचं नीट प्रशिक्षणच मिळालं नव्हतं. जे बहुतेकांच्या हातून घडतं, ते एका माणसाच्या डुलकीचं किंवा बेफिकिरीचं लक्षण नसतं. पण पहिल्या दिवशीची बातमी सर्वांनी वाचली, अहवाल थोड्यांनी.

शरीराच्या साध्या गरजांकडेही पाहा. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव 1980 च्या दशकात रेल्वेत आल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून आपण त्यांचा अभिमानाने सत्कार केला. 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. एवढ्या काळात बहुतेक इंजिनांत स्वच्छतागृह आलेलं नाही. महिला चालक ड्यूटीआधी पाणी कमी पितात, हे त्यांच्यातल्या अनेकींनी जाहीरपणे सांगितलं आहे. तहानलेल्या, आखडलेल्या शरीराकडून आपण अढळ लक्षाची अपेक्षा ठेवतो, आणि चूक झाली की त्याला निष्काळजी म्हणतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. काही माणसं खरोखर बेजबाबदार असतात. ड्यूटीवर मोबाइल पाहणारा, पिऊन येणारा, नियम माहीत असून मोडणारा चालक शिक्षेला पात्रच आहे. यजमानांचंही याबाबत कठोर मत होतं. पण शिक्षा न्याय्य ठरायची असेल, तर थकलेला माणूस आणि बेफिकीर माणूस यांत फरक करता आला पाहिजे. त्यासाठी आधीच्या दोन आठवड्यांची ड्यूटी आणि विश्रांतीची नोंद समोर हवी. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या चालकाची नोकरी जाऊ शकते. त्याला विश्रांतीआधी बोलावणाऱ्या निर्णयाची कुठे नोंद होते? ‘कवच’सारखी यंत्रणा, जी चालक चुकला तरी गाडी थांबवते, ती लवकर आणि सर्वत्र यावी असं मलाही वाटतं. पण अडुसष्ट हजार किलोमीटरहून मोठ्या जाळ्यावर ती पोहोचायला अजून वेळ आहे, आणि तोवर आपल्या मुलाबाळांचा जीव माणसाच्या डोळ्यांवरच आहे.

रुळांवरचं हे सत्य रस्त्यावरही तेच आहे. समृद्धी महामार्गाच्या सातशे किलोमीटर सरळ रस्त्यावर चालकाला झापड येते, हे आता सगळे बोलतात. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. नागपूरहून रात्री निघणाऱ्या ट्रकच्या चालकाला अशा मर्यादा माहीत आहेत का, आणि त्याच्या मालकाला त्या पाळायला कुणी लावतं का? अपघातानंतर पंचनाम्यात ‘चालकाला डुलकी लागल्याने’ असं लिहिलं, की मालकाची, भाड्याची घाई करणाऱ्या व्यापाऱ्याची आणि तपासणी न करणाऱ्या खात्याची सुटका होते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रेल्वेने चालकांच्या सलग रात्री दोनवर आणाव्यात, आठवड्याची विश्रांती ड्यूटीनंतरच्या विश्रांतीहून वेगळी द्यावी आणि रिकामी पदं भरावीत. राज्याने लांब पल्ल्याच्या बस आणि ट्रक मालकांकडे चालकांच्या तासांची नोंदवही तपासावी, अपघात होण्याआधी. वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या गल्लीत कुणी रात्रपाळीवरून येऊन दुपारी झोपत असेल, तो रेल्वेचालक असो, नर्स असो की पहारेकरी, त्याच्या खिडकीखाली स्पीकर लावू नका. आणि पुढच्या अपघातानंतर ‘कोण झोपला होता’ ही बातमी आली, तर तिथे थांबू नका. त्या माणसाला शेवटची पुरेशी झोप केव्हा मिळाली होती आणि ती कमी पडली असेल तर ती कुणाच्या निर्णयाने, ही दोन उत्तरं प्रत्येक चौकशी अहवालाच्या पहिल्या पानावर आली पाहिजेत. ती येत नाहीत, तोवर चौकशी पूर्ण झाली असं मानू नका.